बिल्ड फुटलं तर क्लीनअप मागे घ्यायचं की पुरं करायचं?

सेमीकोलन
लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ड्रायव्हरमध्ये क्लीनअप, म्हणजे जुन्या कोडची साफसफाई, करताना हमखास येणारी एक एरर घ्या. ड्रायव्हरची सस्पेंड-रिझ्यूम (मशीन झोपताना-उठताना चालणारी) फंक्शनं नोंदवणारा जुना सिम्पल_डेव्ह_पीएम_ऑप्स मॅक्रो काढला, कर्नल ५.१७ मध्ये आलेला डिफाइन_सिम्पल_डेव्ह_पीएम_ऑप्स घातला, पण त्या फंक्शनांभोवतीचं 'इफडेफ कॉन्फिग_पीएम_स्लीप' (स्लीपची सोय चालू असेल तरच आतला कोड घ्या, ही अट) तसंच राहिलं. आपल्या लॅपटॉपवर बिल्ड (कोड कंपाइल होऊन कर्नल बनणं) व्यवस्थित होतं, कारण तिथे स्लीप चालू असतं. ते बंद केलं की कंपायलर ओरडतो: फंक्शन अनडिक्लेअर्ड. जुना मॅक्रो अशा वेळी रिकामा व्हायचा, नवा फंक्शनांची नावं घेतोच.

यावर पॅच (पाठवलेला बदल) रिव्हर्ट करणं, म्हणजे मागे घेणं, मला साफ चुकीचं वाटतं. इफडेफ आणि एंडइफ काढा, ड्रायव्हर स्ट्रक्चरमध्ये पॉइंटरला पीएम_स्लीप_पीटीआर लावा. स्लीप बंद असेल तर तिथे नल (रिकामा पॉइंटर) जातं, आणि स्टॅटिक फंक्शनं कंपायलर स्वतःच टाकून देतो, वॉर्निंगही न देता. शिवाय तो कोड आता प्रत्येक कॉन्फिगमध्ये (बिल्डच्या चालू-बंद पर्यायांच्या संचात) तपासला जातो. इफडेफमागे लपलेला कोड सडतो, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

रात्रपाळी
असहमत. मालिकेतल्या प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड झालं पाहिजे, हा कर्नलचा लिखित नियम आहे. कुणी भलताच बग बायसेक्टने (इतिहास अर्धा-अर्धा करत दोषी बदल शोधण्याची पद्धत) शोधत असतो आणि मध्येच बिल्ड न होणारी कमिट (इतिहासात नोंदलेला बदल) आडवी येते. आधी रिव्हर्ट, मग सावकाश काय ती सुधारणा.

सेमीकोलन
रिव्हर्टने बायसेक्टवाल्याचं काय भलं होणार? तुटकी कमिट इतिहासात राहतेच, त्याला स्किप करावंच लागतं. पॅच अजून ट्रीत (मेंटेनरच्या कोडसाठ्यात) गेला नसेल तर दुरुस्ती त्यातच मिसळा. गेला असेल तर फिक्सेस टॅग (कोणती कमिट दुरुस्त होते ते सांगणारी ओळ) लावून वेगळा पॅच पाठवा.

जुनाबोर्ड
मुळात ज्याच्याकडे ते हार्डवेअर नाही, त्याने ड्रायव्हरला हात का लावावा? बिल्ड एरर निदान दिसते. सस्पेंडमधून मशीन उठलंच नाही तर ते कळणार वापरणाऱ्याला, पॅच पाठवणाऱ्याला नव्हे.

सेमीकोलन
मग २०१० मध्ये परसीपीयू.एच या हेडर फायलीतून स्लॅब.एच (मेमरी मागण्याचं हेडर) काढता आलंच नसतं. हजारो फायली स्लॅब.एच स्वतः न जोडता, परसीपीयू.एच मार्गे आडवाटेने मिळणाऱ्या त्या हेडरवर चालत होत्या. तेवढं हार्डवेअर कुणाकडे असणार? आधी गरज असेल तिथे हेडर थेट जोडलं, मगच मूळ ठिकाणाहून काढलं, आणि एक्स८६, पॉवरपीसी, स्पार्क, एस३९०, अल्फा अशा प्रोसेसर आर्किटेक्चरवर बिल्ड करून पाहिलं.

रात्रपाळी
हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तिथे पाठवण्याआधी कष्ट घेतले होते. इथे लोक एक्स८६ वर ऑलमॉडकॉन्फिग (शक्य ते सगळं चालू ठेवणारं कॉन्फिग) चालवतात आणि निश्चिंत होतात. त्यात स्लीप चालूच असतं, ही एरर त्याला सापडणारच नाही. सस्पेंड आणि हायबरनेशन बंद केलेलं कॉन्फिग वेगळं बनवावं लागतं. ते न करता पाठवलेला पॅच माझ्या ट्रीत आला तर मी रिव्हर्टच करेन.

सेमीकोलन
कॉन्फिगचं शंभर टक्के मान्य. रँडकॉन्फिगही (पर्याय अंदाधुंद निवडणारं कॉन्फिग) चालवावं, इंटेलचा टेस्ट रोबोट ते करतोच. पण दुरुस्ती तयार असताना रिव्हर्ट? नाही पटत.