पट्टा घट्ट हवा, पण किती?
मनगटातल्या धमनीतून अँजिओ (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी) झाली की रक्त थांबवायला तिथे हवा भरलेला पट्टा बांधतात. "मनगटावरचा पट्टा जितका घट्ट तितकं बरं, सिस्टर उगाच हवा काढत बसतात" असं त्याबद्दल कुणीतरी लिहिलंय, ते पटलं नाही. रक्त थांबतं खरं, पण अंगठ्याकडच्या त्या धमनीतला प्रवाहच अडला तर ती आतून गोठून कायमची बंद पडू शकते. करंगळीकडची धमनी हाताला पुरते म्हणून पेशंटला बहुधा पत्ताही लागत नाही, पुढच्या अँजिओला मात्र ती वाट गेलेली असते. आम्ही वॉर्डात त्याच हाताच्या अंगठ्याला पल्स ऑक्सिमीटर (नाडी आणि ऑक्सिजन मोजणारा चिमटा) लावतो, करंगळीकडची धमनी बोटाने दाबतो आणि स्क्रीनवरची नाडीची लाट बघतो. सपाट झाली म्हणजे पट्ट्याखालची धमनी अडलीय, मग लाट परत येईपर्यंत पट्ट्यातली हवा सिरिंजने थोडी थोडी काढायची. रक्त झिरपलंच तर १-२ मिली हवा परत भरायची. म्हणून ती सिरिंज उशाशी ठेवलेली असते, नातेवाईकांनी कृपया आवरून टाकू नये!

आणि पुण्यात सांगावंच लागतं: बहुतेकदा उजवं मनगट असतं, म्हणजे ॲक्सिलरेटरचा हात. डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडीची चावी घरच्यांकडे द्या. घरी रक्त आलं तर बसून त्या जागी बोटांनी घट्ट दाबा. १० मिनिटांत थांबलं नाही किंवा धारच लागली, तर दाब न सोडता दुसऱ्या कुणाला १०८ लावायला सांगा.