धुळीत लपलेल्या दीर्घिका किती लांब आहेत हे ठरवतात तरी कसं?

कोयनाकाठ (कराड)

नमस्कार मंडळी. मी इथे ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. सध्या वर्गातली पोरं जेम्स वेबच्या बातम्या वाचून असले प्रश्न विचारतायत की क्रमिक पुस्तकात उत्तरच सापडत नाही. आत्ताचा प्रश्न असा, की सुरुवातीच्या विश्वात म्हणे धुळीनं भरलेल्या दीर्घिका आहेत, त्यात वर्षाला हजार-हजार सूर्यांएवढे तारे बनतात, आणि त्यातल्या काही तर हबलमधूनसुद्धा दिसत नाहीत. बरं, दिसतच नाहीत तर किती लांब आहेत हे कोण आणि कशावरून सांगतं? रेडशिफ्ट मला माहीत आहे, वर्णपटातल्या रेषा लाल बाजूला सरकतात वगैरे, पण रेषा बघायला आधी प्रकाश तर हवा ना. एका मुलीनं विचारलं, सर, वस्तू जितकी लांब तितकी अंधुक, मग अंधुकपणावरून अंतर का नाही काढत? तिला सोमवारी सांगतो म्हणालोय. कुणी नीट आकड्यांसकट समजावेल का? वरवरचं नको.

हरिपूर_संगम (सांगली)

सर, त्या मुलीनं बरोबर मर्मावर बोट ठेवलंय, म्हणून तिच्यापासूनच सुरू करतो.

आधी धूळ. ही म्हंजे कार्बन आणि सिलिकेटचे मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) बारीक कण. नवीन जन्मलेल्या मोठ्या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश हे कण गिळतात, त्यानं तापतात, तापतात म्हंजे किती तर ३०-४० केल्विन, उणे २४० सेल्सिअसच्या आसपास, आणि ती ऊर्जा लांबच्या अवरक्त तरंगात बाहेर सोडतात. गुऱ्हाळावर वाफेत आणि धुरात चुलवाणातला जाळ दिसत नाही पण धग तोंडावर येतेच, तसं. या धगीचा सगळ्यात जास्त जोर साधारण १०० मायक्रॉनला असतो आणि तिथून लांब तरंगाकडे गेलं की तीव्रता एकदम पडत जाते.

आता आपण पृथ्वीवरून ८५० मायक्रॉनला बघतोय असं धरा. दीर्घिका जवळ असेल तर आपण त्या पडत्या उतारावर अगदी खाली बघत असतो. दीर्घिका लांब नेली की विश्व प्रसरण पावल्यामुळे तिचे सगळे तरंग १ अधिक झेड पट ताणले जातात (झेड म्हंजे रेडशिफ्ट), त्यामुळे आपल्या ८५० मायक्रॉनमधे आता तिच्या उताराचा वरचा, जास्त तेजस्वी भाग येतो. एकीकडे अंतरानं ती मंद होते, दुसरीकडे आपण तिच्या शिखराकडे चढत जातो, आणि दोन्ही जवळजवळ बरोबरीत सुटतात. तीच दीर्घिका झेड १ ला ठेवा नाहीतर ८ ला, ८५० मायक्रॉनला जवळपास तेवढीच दिसते. मला अजूनही हे कागदावर मांडून बघितलं की भारी वाटतं. म्हणून त्या मुलीला सांगा, तिचा विचार बरोबर आहे पण निसर्गानं नेमका इथेच तो मार्ग बंद केलाय. याच कारणामुळे या दीर्घिका इतक्या लांबून सापडतात, आणि याच कारणामुळे सापडल्यावर किती लांब आहेत ते कळत नाही.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे एचडीएफ ८५०.१. हबलनं १९९५ च्या डिसेंबरात आकाशाचा एक चिमुकला तुकडा दहा दिवस टक लावून बघितला, त्या फोटोत तीनेक हजार दीर्घिका मोजल्या गेल्या. मग हवाईच्या मौना केआवरच्या १५ मीटरच्या जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बिणीवर स्कूबा नावाचा कॅमेरा होता, त्यानं तोच तुकडा ८५० मायक्रॉनला बघितला, आणि १९९८ ला जाहीर झालेल्या त्या नकाशात सगळ्यात तेजस्वी ठिपका जिथे होता तिथे हबलच्या फोटोत त्याचं म्हणता येईल असं काहीच नव्हतं! स्कूबाचा एक ठिपका साधारण १५ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हंजे अंशाचा ३६०० वा भाग) रुंद, तेवढ्या गोलात हबलला कितीतरी दीर्घिका दिसतात, यातली नेमकी कुठली हे ठरवण्यातच वर्षं गेली. तिचं अंतर पक्कं झालं २०१२ ला. चौदा वर्षं लागली.

माहुली_घाट (सातारा)

दादा मस्त लिहिलंय. पण एक शंका, तीन-चार तरंगलांबींना मोजून शिखर कुठे आहे ते काढलं तर? शिखर मूळ १०० मायक्रॉनला असतं आणि आपल्याला ३५० ला दिसलं तर १ अधिक झेड म्हंजे साडेतीन, झालं की काम. हर्शेल या अवकाश दुर्बिणीनं २५०, ३५० आणि ५०० मायक्रॉनला बघितलं ते यासाठीच ना?

हरिपूर_संगम (सांगली)

होय, आणि अंदाजाला ते उपयोगी आहेच. ५०० मायक्रॉनला सगळ्यात जास्त तेजस्वी असलेले ठिपके वेगळे काढायचे, ते बहुतेक लांबचे निघतात. एचएफएलएस ३ ही झेड ६.३४ ची दीर्घिका तशीच हाती लागली, २०१३ ला.

पण पक्कं अंतर त्यातून निघत नाही, कारण शिखर कुठे येणार हे धुळीच्या तापमानावर पण अवलंबून आहे. ३५ केल्विनची धूळ झेड २.५ ला ठेवा, ३५ भागिले ३.५ म्हंजे १०. आता ६० केल्विनची धूळ झेड ५ ला ठेवा, ६० भागिले ६, परत १०. दोन्हीचं शिखर आपल्याला एकाच जागी दिसणार. तापमान आधी माहीत असेल तर अंतर मिळतं, अंतर माहीत असेल तर तापमान मिळतं, आणि आपल्याकडे दोन्ही नसतं.

वाईची_मेघा

इथून पुढचं मी सांगते, कारण सरांना वर्गात करून दाखवण्यासारखं गणित याच्या पुढेच आहे.

दृश्य प्रकाश धूळ अडवते, पण वायूच्या रेणूंनी मिलिमीटर तरंगात सोडलेल्या रेषा धुळीतून आरपार येतात. यातला सगळ्यात उपयोगी रेणू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याच्या फिरण्याच्या पायऱ्या असतात आणि रेषा जवळजवळ समान अंतरावर पडतात, पहिली ११५.२७ गिगाहर्ट्झला, पुढच्या तिच्या दुप्पट, तिप्पट, अशा. दीर्घिका लांब असेल तर ही सगळी शिडीच १ अधिक झेड नं आक्रसते.

एचडीएफ ८५०.१ साठी फ्रान्समधल्या आल्प्सवरच्या प्लॅटो द ब्यूर दुर्बिणींनी ३ मिलिमीटरचा सगळा पट्टा चाळला आणि दोन रेषा मिळाल्या, ९३.२० आणि १११.८४ गिगाहर्ट्झला. वजाबाकी करा, १८.६४. आता ११५.२७ ला १८.६४ नं भागा, येतात ६.१८, त्यातून १ वजा, झेड ५.१८. ताळा पण करून घ्या, ९३.२० भागिले १८.६४ म्हंजे बरोबर ५, म्हणजे ही पाचवी रेषा आणि दुसरी सहावी. 

पोरं हुशार असतील तर विचारतील की या शेजारच्याच पायऱ्या आहेत कशावरून, समजा त्या दहावी आणि बारावी असतील आणि झेड ११ च्या पुढे असेल तर? तसं असतं तर अकरावी रेषा मधोमध १०२.५ च्या आसपास दिसायला हवी होती, पट्टा तर पूर्ण चाळलेला होता. शिवाय आयनित कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषा आहे, मूळ १९००.५ गिगाहर्ट्झची, ती झेड ५.१८३ ला ३०७.४ वर यायला हवी, आणि तिथेच सापडली. 

म्हणजे फोटोत जी दिसतच नव्हती तिचं अंतर दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत. विश्व तेव्हा फक्त १.१ अब्ज वर्षांचं होतं.

कोयनाकाठ (कराड)

मेघाताई, हे तर फळ्यावर पाच मिनिटांत होईल! लय उपकार झाले. मग आता जेम्स वेब आहे, ते अवरक्तच बघतं, मग ही सगळी अडचण संपली असं म्हणायचं का?

वाईची_मेघा

नाही सर, उलट एक नवीन घोळ सुरू झाला. वेबच्या पहिल्या चित्रांत काही दीर्घिका अशा सापडल्या की आखूड तरंगात गायब आणि लांब तरंगात एकदम दिसतात. अतिलांबच्या दीर्घिका अशाच दिसतात, कारण वाटेतला हायड्रोजन त्यांचा अतिनील प्रकाश खाऊन टाकतो. पण जवळच्या धुळकट दीर्घिका पण अशाच दिसू शकतात, धूळ निळा प्रकाश खाते आणि लाल सोडते. सीईईआरएस ९३३१६ नावाची एक दीर्घिका २०२२ ला रंगांवरून झेड १६.४ ची धरली होती, म्हंजे महास्फोटानंतर २५ कोटी वर्षांच्या आत-बाहेर, पेपरात किती गाजली आठवत असेल. पुढच्या वर्षी तिचा वर्णपट घेतला तर झेड निघालं ४.९. थोडी धूळ आणि ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोरदार रेषा नेमक्या फिल्टरमधे पडल्या म्हणून रंग फसवे आले. दुसऱ्या काही खगोलशास्त्रज्ञांनी ही शक्यता तेव्हाच लिहिली होती, बातम्यांनी ती गाळली. म्हणून पोरांना एवढं नक्की सांगा, अंतराची बातमी वाचली की आधी बघायचं, हे रंगांवरून आहे की रेषांवरून.

माहुली_घाट (सातारा)

आणि ते वर्षाला हजार सूर्य कसं काढतात? आपल्या आकाशगंगेत वर्षाला एक-दोन सूर्यांएवढेच तारे बनतात असं वाचलंय, मग हजार म्हंजे फारच झालं.

हरिपूर_संगम (सांगली)

फारच आहे, खरंय. पद्धत अशी, की धुळीनं बाहेर टाकलेली एकूण अवरक्त ऊर्जा मोजायची, ती कोवळ्या मोठ्या ताऱ्यांनीच दिलीये असं धरायचं. सूर्याच्या १० हजार अब्ज पट तेज असेल तर वर्षाला ढोबळ हजार सूर्य. मोठे तारे लवकर मरतात म्हणून ते दिसतायत म्हंजे ते आत्ताच बनलेत. पण याला अटी आहेत, आत महाकाय कृष्णविवर धूळ तापवत असेल तर आकडा फुगतो, आणि मोठ्या ताऱ्यांवरून लहान ताऱ्यांचा हिशोब लावताना जे प्रमाण धरतो ते तिथे वेगळं असेल तरी आकडा बदलतो. आणि मुळात एकूण तेज काढायलाच अंतर लागतं, अंतर चुकलं की पुढचं सगळं चुकलं.

आणखी एक भानगड म्हंजे भिंग. वाटेत दुसरी मोठी दीर्घिका असली की तिच्या गुरुत्वानं मागचीचा प्रकाश पाचपट, दहापट मोठा दिसतो. दक्षिण ध्रुवावर १० मीटरची साउथ पोल टेलिस्कोप आहे, तिला सापडलेल्या अशा धुळकट दीर्घिकांतल्या बहुतेक भिंगामागच्याच निघाल्या, ते आधी भागून काढावं लागतं. त्यातलीच एक एसपीटी ०३११-५८, झेड ६.९०, विश्व ७८ कोटी वर्षांचं असतानाची. चिलीतल्या अल्मा या मिलिमीटर तरंगांच्या दुर्बिणीनं बघितल्यावर ती एक नाही दोन निघाल्या, एकमेकींपासून २५ हजार प्रकाशवर्षांवर, विलीन व्हायला निघालेल्या. भिंगाचा भाग काढून टाकल्यावर सुद्धा मोठीत वर्षाला २,९०० सूर्य बनतात आणि धूळ एकटीच अडीच अब्ज सूर्यांची!

आता एवढा वायू पुरतो किती ते बघा. एचडीएफ ८५०.१ मधे वायू साधारण साडेतीन हजार कोटी सूर्यांचा, आणि वर्षाला ८५० सूर्य बनतायत, भागाकार येतो ४ कोटी वर्षं. बाहेरून नवीन वायू आला नाही तर एवढ्यात संपलं, विश्वाच्या मानानं काहीच नाही. म्हणून आजच्या थोराड लंबवर्तुळी दीर्घिका, ज्यात नवीन तारे जवळपास बनतच नाहीत, त्या यांच्याच वारसदार असाव्यात असं बऱ्याच जणांचं मत आहे, आणि मला ते पटतं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न मात्र धुळीचा आहे. आपल्याकडे बरीचशी धूळ म्हातारे होत आलेले मध्यम तारे सोडतात, त्याला बराच काळ लागतो. ७८ कोटी वर्षांत अडीच अब्ज सूर्यांची धूळ आणायची कुठून? सुपरनोव्हा (मोठ्या ताऱ्यांचे स्फोट) लवकर होतात, आणि १९८७ ए या सुपरनोव्हाच्या अवशेषात हर्शेलला २०११ ला जवळपास अर्ध्या सूर्याएवढी धूळ दिसली, म्हणजे तो मार्ग आहे. पण त्यातली किती नंतरच्या धक्का-लहरींतून वाचते यावर अजून भांडण चालू आहे.

मिरज_जंक्शन

यात आपल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीचा काही संबंध येतो का? नारायणगावला खोडदला एकदा जाऊन आलोय, ४५ मीटरच्या ३० डिश, बघतच राहावं असं काम आहे.

वाईची_मेघा

येतो की. जिथे तारे बनतात तिथे सुपरनोव्हा, आणि त्यातून सुटलेले वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरून रेडिओ लहरी सोडतात, त्यामुळे अवरक्त तेज आणि रेडिओ तेज यांचं प्रमाण ठरलेलं असतं. रेडिओनं ठिपक्याची जागा नेमकी कळते. लॉकमन होल म्हणून आकाशाचा एक मोकळा तुकडा आहे, तिथल्या या दीर्घिकांसाठी जीएमआरटीची ६१० मेगाहर्ट्झची निरीक्षणं वापरलीयेत. अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीवरून अशाच जागा पक्क्या करून मग हवाईच्या केक या मोठ्या दुर्बिणीनं वर्णपट घेतले, २००५ ला ७३ दीर्घिकांची अंतरं एकदम आली, बहुतेक झेड २ ते २.५ च्या आसपास, दहा-अकरा अब्ज वर्षांपूर्वीच्या. फक्त रेडिओला तो बरोबरीत सुटण्याचा फायदा मिळत नाही, अंतर वाढलं की मंदच होत जातं, त्यामुळे झेड ३ च्या पुढच्या बऱ्याचशा त्या यादीतून निसटल्या. त्या पकडायला अल्मासारख्या दुर्बिणी लागल्या, अल्मा म्हंजे चिलीत ५,००० मीटरवर ६६ अँटेना. इतक्या उंचावर का, तर हवेतली वाफ या तरंगांना खाते. आपलं महाबळेश्वर चौदाशे मीटरच्या आत आणि चार महिने ढगात, तिथे हे जमणार नाही.

कोयनाकाठ (कराड)

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक, फळ्यावर अंतर लिहिताना कुठला आकडा लिहू? कुठे १२.७ अब्ज असतं, कुठे २६ अब्ज.

हरिपूर_संगम (सांगली)

झेड ५.१८३ साठी दोन्ही बरोबर आहेत सर. प्रकाशाला यायला लागलेला वेळ साधारण १२.७ अब्ज वर्षं. तो वाटेत असताना विश्व पसरत राहिलं, म्हणून ती दीर्घिका आज आहे तिथपर्यंतचं अंतर साधारण २६ अब्ज प्रकाशवर्षं. मी असतो तर आधी झेड लिहिला असता, कारण मोजलंय फक्त तेच, बाकीचे दोन्ही आकडे विश्वाचं मॉडेल धरून त्यातून काढलेले आहेत. आणि पहिल्याच्या पुढे 'वर्षं' आणि दुसऱ्याच्या पुढे 'प्रकाशवर्षं' लिहायला विसरू नका, गोंधळ तिथेच होतो.