वर्गखोलीत इन्स्टॉलेशन (जागेतच मांडायची कलाकृती) करायचंय, भिंतीला खिळा चालणार नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुंबईतच. चित्रकलेशी संबंध एलिमेंटरीपुरता, तोही सी ग्रेड. आमच्या विभागातल्या एका वर्गाचे जुने लाकडी बाक दिवाळीआधी भंगारात जाणार आहेत. त्याआधी चार दिवस तो वर्ग आम्हा सात जणांच्या ताब्यात दिलाय, काहीतरी कलात्मक करा म्हणून.

बाकांवर कर्कटकानं कोरलेली नावं आहेत. एकावर नुसतंच '१९८७', एकावर सुमनच्या नावात घुसलेला बाण. कल्पना अशी की प्रत्येक नावापासून फळ्यापर्यंत लाल दोरा न्यायचा. बत्तीस बाक, दीडशेच्या आसपास नावं, सरासरी चार मीटर धरले तर सहाशे मीटर.

आता अडचण. खिळा मारायचा नाही ही अट. मास्किंग टेप लावून पाहिली, तर तासाभरात डिस्टेंपरचा पापुद्रा घेऊन खाली आली. (सप्टेंबरात इथल्या भिंती कशा असतात ते सांगायला नको.) शिवाय डोक्यावर चार पंखे. शनिवारी भुलेश्वरला जाणार आहे, दोरा कुठला घेऊ? आणि बांधू कशाला?

गिरगावकर: खिडक्यांना गज असतील ना? या गजापासून समोरच्या गजापर्यंत जीआय तार (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार) ताणा आणि दोरे तारेला बांधा, भिंतीला हातच लावायचा नाही. तार सैल पडते, म्हणून एका टोकाला टर्नबकल (फिरवून तार ताणायचा स्क्रू) लावा. दोन्ही वस्तू नागदेवी स्ट्रीटला मिळतील. सुतळी घेऊ नका, चटकन पेटते. दारापर्यंतची वाट मोकळी ठेवा. पंख्यांचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडून त्यावर चिकटपट्टी मारा, नाहीतर कोणीतरी आत येऊन सवयीनं बटण दाबणारच.

शाईपेन: ताई, जरा वाकडं बोलतो. लाल दोऱ्यांची खोली म्हटली की जाणकाराला जपानी कलाकार चिहारू शिओता आठवणार. २०१५ च्या व्हेनिस बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणारं आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन) जपानच्या दालनात त्यांनी लाल दोऱ्यांना हजारो किल्ल्या टांगल्या होत्या. ते एक वेळ सोडा. १९४२ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात मार्सेल दुशाँ या फ्रेंच कलाकारानं दालनभर दोरी ताणली आणि इतरांची चित्रं धड बघता येईनात. त्याला तेच हवं होतं. तुम्हाला हवंय का? लोक दोऱ्यांसमोर सेल्फी काढतील, वाकून सुमन कोण वाचणार?

लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तेच बाकांवर करा. माक्स अर्न्स्ट या जर्मन चित्रकारानं १९२५ मध्ये लाकडी फरशीवरून असेच ठसे घेतले होते. बाक भंगारात गेले तरी नावं हातात राहतील.

धागाकर्ती: शाईपेन, आधी राग आला, खरं सांगते. मग आज दुपारी एका बाकावर करून पाहिलं. डोळ्यांना कधी दिसलं नव्हतं ते कागदावर आलं: सुमनच्या खाली आणखी एक नाव आहे, कोणीतरी घासून पुसायचा प्रयत्न केलेलं. आम्ही सातही जण अर्धा तास त्यावरच भांडत होतो, 'विलास' की 'विकास'.

तर दोरे रद्द. गिरगावकर काका, तार मात्र तुमचीच, कागद कपड्यांच्या चिमट्यांनी तिच्यावर टांगू. एकच शंका: कोळशाचं बोटांना लागतं, पेन्सिल फिकी येते.

शाईपेन: मेणाचा खडू घ्या, काळा. वरचा कागद सोलून आडवा धरून घासा. बटर पेपर घसरतो, न्यूजप्रिंट बरा. कागद बाकाला टेपनं चारही बाजूंनी चिकटवा, हलला की अक्षर दुहेरी उमटतं.

गिरगावकर: कागद पंख्यापासून लांब टांगणार असाल तर एमसीबी पाडू नका. पंखे एकवर ठेवा. कागद जरा हलू देत.