मदत हवी आहे: आतड्याच्या पेशींत सोडियम इतके जास्त का येते?

मंडळी, एमएस्सीच्या प्रकल्पात अडकले आहे. रॅटच्या लहान आतड्याच्या अस्तराच्या पेशी ईडीटीएने (पेशींना जोडणारे कॅल्शियम काढून घेणाऱ्या रसायनाने) सुट्या करून त्यांतले पाणी, सोडियम आणि पोटॅशियम मोजायचे आहे. (समितीची परवानगी आहे, तो वाद इथे नको.)

पेशी 37 अंशांच्या क्रेब्ज-रिंगरमध्ये (शरीरद्रवासारख्या क्षारांच्या द्रावणात) ठेवते, सेंट्रिफ्यूज करते, वरचे द्रावण ओढून घेते. ओले वजन, रात्रभर 105 अंशांचा ओव्हन, कोरडे वजन. मग 0.1 नॉर्मल नायट्रिक आम्लात आयन उतरवून फ्लेम फोटोमीटर (ज्योतीच्या रंगावरून सोडियम-पोटॅशियम मोजणारे यंत्र).

पेलेट (तळाशी बसलेला पेशींचा गोळा) ओला 100 मिग्रॅ, कोरडा 20. सोडियम 6.2 मायक्रोमोल, पोटॅशियम 5.65. 80 मिग्रॅ पाण्याने भागले की 77.5 आणि 71 मिलिमोलर! पोटॅशियम बरेच वर हवे ना? उआबेन (सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारा पेशीचा पंप बंद पाडणारे औषध) 10 मायक्रोमोलर दिले तरी आकडे जैसे थे. पेशी मेल्यात म्हणावे, तर ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींतच शिरणारा रंग) फारसा शिरत नाही. सर म्हणतात, पेलेट बर्फगार सलाइनने धू. धुऊ का?

पेशीपारखी: नका धुऊ. सलाइनमध्येही सोडियमच आहे, आणि थंडीत पंप मंदावला तरी गळती चालूच राहते. खरी गोम वेगळी आहे. ते 80 मिग्रॅ पाणी सगळे पेशींचे नाही, पेशींच्या मध्ये अडकलेले द्रावणही त्यात आहे.

समजा 30 मायक्रोलिटर अडकलेय. त्यात द्रावणाच्या 140 मिलिमोलरने 4.2 मायक्रोमोल सोडियम गेले. उरले 2.0, भागिले 50 मायक्रोलिटर, म्हणजे 40 मिलिमोलर. पोटॅशियम द्रावणात 5 मिलिमोलरच, म्हणून त्याचे फक्त 0.15 वजा होते, उत्तर 110. आता 30 ऐवजी 25 धरून बघा: पोटॅशियम 100 वर येते, पण सोडियम 49 होते. म्हणून अडकलेले पाणी अंदाजाने धरू नका, मोजा. इन्युलिन (वनस्पतींतली मोठ्या रेणूची शर्करा) पेशीत शिरत नाही. सेंट्रिफ्यूजच्या थोडे आधी घाला आणि पेलेट व वरचे द्रावण दोन्हींत मोजा, तुलनेतून अडकलेले पाणी कळेल. अँथ्रोनने (शर्करेशी रंग देणाऱ्या रसायनाने) मोजणार असाल तर जपून, ग्लुकोजही रंग देतो.

उआबेनचे कोडे सोपे आहे. रॅटचा पंप त्याला दाद देत नाही. 1 मिलिमोलर देऊन बघा.

जुना फोटोमीटर: नायट्रिकचे नमुने प्लॅस्टिकच्या बाटल्यांत ठेवा, काच सोडियम सोडते. आणि पेलेटमधून सरासरीच मिळणार, विलसच्या (अस्तराच्या बोटासारख्या उंचवट्याच्या) टोकाची पेशी कोणती न् क्रिप्टची (त्याच्या तळाच्या खळग्याची) कोणती ते कळत नाही. एकेका पेशीत डोकवायचे तर गोठवलेल्या कापांवर इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब (इलेक्ट्रॉनांच्या झोताने एकेका जागेतली मूलद्रव्ये मोजणारे यंत्र). म्युनिकच्या रिक, डॉर्गे मंडळींनी 1978 साली बेडकाच्या कातडीत तसे मोजून दाखवले होते, की तिचे थर सोडियमच्या बाबतीत एकमेकांना जोडलेले आहेत. ते यंत्र तुमच्या कॉलेजात नसेलच, सोडा.

धागाकर्ती: आभार! रेडिओअ‍ॅक्टिव्ह इन्युलिनची परवानगी आम्हाला नाही. फ्लुओरेसंट (चमकणारा रंग जोडलेले) चालेल?

पेशीपारखी: चालेल. फक्त ओव्हनआधी पेलेटचा वेगळा वाटा काढा, आणि इन्युलिनमध्ये सुटे फ्लुओरेसीन (तोच चमकणारा रंग) नाही ना, ते आधी तपासा. ते पेशीत शिरते.