मदत हवी आहे: अलेक्झांडर मालिनोव्ह यांनी १९१८ मध्ये पद का स्वीकारलं?

मंडळी, बल्गेरियाच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते मालिनोव्ह यांच्यावर लेख लिहितेय, पण एका ठिकाणी गाडी अडलीय. १९०८ मध्ये ते पंतप्रधान असताना बल्गेरियाने ऑटोमन साम्राज्यापासून स्वातंत्र्य जाहीर केलं. १९१५ मध्ये विरोधी नेत्यांसोबत राजा फर्डिनांडला भेटून जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरू नका, असं बजावलं. राजाने ऐकलं नाही. मग जून १९१८ मध्ये, आघाडीवरचे सैनिक उपाशी, पायात धड बूटही नाहीत, अशा वेळी त्याच राजाकडून पंतप्रधानपद का घेतलं? सप्टेंबरअखेर सलोनिकाची शस्त्रसंधी (म्हणजे दोस्त राष्ट्रांपुढे बल्गेरियाची माघार), लगोलग राजाचा पदत्याग, सगळं यांच्याच माथी! मला तरी हा सत्तेचा मोह वाटत नाही. दोब्रुजाच्या (बल्गेरिया-रोमानिया सीमेवरचा वादग्रस्त प्रदेश) प्रश्नामुळे आधीचं सरकार गेलं, त्याचा यात कितपत वाटा असेल? या काळावर कुणी वाचलं असेल तर कृपया पुस्तकं सुचवा, इंग्रजी चालतील.