आयुष्यभर सायकल आणि पोहणे, तरीही हाडे ठिसूळ कशी?

प्रश्न
माझे वडील ६९ वर्षांचे आहेत. तरुणपणापासून सायकल आणि पोहणे हा त्यांचा नेम आहे. रक्तदाब, साखर सगळे आटोक्यात आहे. घरातच पाय घसरून मनगट मोडले, म्हणून डॉक्टरांनी डेक्सा तपासणी (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) करायला सांगितली, तर खुब्याचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुणाच्या हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे २.६ आला. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडे ठिसूळ होण्याचा आजार. हा बायकांचा आजार, असाच आमचा समज होता. इतक्या वर्षांच्या व्यायामाचा हाडांना काहीच उपयोग झाला नाही का?

प्रतिसाद १
उपयोग झाला, पण मुख्यतः हृदयाला. हाड बळकट होते ते त्यावर पडणाऱ्या भाराने आणि आघाताने. पोहताना शरीराचे वजन पाणी पेलते आणि सायकलवर बरेचसे सीट पेलते, त्यामुळे शर्यतीच्या सायकलपटूंच्याही मणक्यांची घनता अनेकदा कमी आढळते. अमेरिकेतील बेसबॉलपटूंवरचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. चेंडू फेकणाऱ्या हाताच्या दंडाच्या हाडाची तुलना त्याच माणसाच्या दुसऱ्या हाताशी केल्यामुळे आहार, अनुवंश, हार्मोन हे सगळे मुद्दे आपोआप बाद झाले. खेळ सोडून कित्येक दशके लोटल्यावरही हाडाच्या आकारातील वाढीपैकी सुमारे निम्मी आणि ताकदीतील सुमारे एक-तृतीयांश वाढ टिकून होती. तरुणपणी हाडावर बाहेरून थर चढतो तो राहतो. उतारवयात ते आतून झिजते, आणि ही झीज फेकणे चालू ठेवणाऱ्यांमध्ये कमी दिसली.

प्रतिसाद २
हे पटते, परंतु सगळा दोष सायकलच्या माथी मारून थांबू नये. पुरुषांच्या बाबतीत दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडे, मद्य, धूम्रपान, टेस्टोस्टेरॉनची किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता, पॅराथायरॉइड या कॅल्शियमचे प्रमाण सांभाळणाऱ्या ग्रंथीचा बिघाड असे दुसरे कारण बऱ्याचदा सापडते. उणे २.५ च्या खाली स्कोअर आणि त्यात किरकोळ पडण्याने झालेले फ्रॅक्चर, म्हणजे औषधांविषयी डॉक्टरांशी बोलायलाच हवे. आणखी एक, उत्साहाच्या भरात सूर्यनमस्कार सुरू करू नका. पुढे वाकताना मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येतो आणि ठिसूळ मणका तिथेच दबतो.

प्रश्नकर्ता
स्टिरॉइडे कधी घेतलेली नाहीत. बाकीच्या तपासण्या करून घेतो. मग व्यायाम नेमका कोणता करावा?

प्रतिसाद १
ऑस्ट्रेलियात हाडांची घनता कमी असलेल्या, रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांकडून आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, देखरेखीखाली जड वजने उचलून घेतली, तेव्हा ८ महिन्यांत मणक्यांची घनता वाढली. पुढे पुरुषांवर झालेल्या तशाच प्रयोगातही फायदा दिसला. मात्र हे जिममध्ये एकट्याने करायचे काम नव्हे. मनगट बरे झाल्यावर फिजिओथेरपिस्टकडून पाठ ताठ ठेवून खुर्चीतून उठ-बस करण्यापासून सुरुवात करावी आणि हळूहळू वजन वाढवावे. तोल सुधारण्यासाठी स्वयंपाकघरातील ओट्याला हात टेकून एका पायावर उभे राहण्याचा सराव रोज करावा, आणि पोहणेही सोडू नये.