दहा महिन्यांचं बाळ: आजीची मांडी की कार सीट?

रेवाची आई:
पुढच्या आठवड्यात नणंदेकडे वास्तुशांतीसाठी पुण्याहून कोल्हापूरला जायचंय. रेवा १० महिन्यांची, वजन ९ किलो. कार सीट आणलीय, पण सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा जिवाला बांधून कशाला ठेवायचं? मी घेते की मांडीवर, घट्ट धरीन." त्यांचं मन मोडवत नाही आणि रेवाला मांडीवर द्यायला जीव धजत नाही. आपल्याकडे याचा कायदा आहे का? त्यांना कसं सांगू?

सातारकर:
आहे. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १९४ बी आलं. १४ वर्षांखालचं मूल सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल, तर गाडी चालवणाऱ्याला १००० रुपये दंड.
पण सासूबाईंना दंड सांगू नका, हिशोब सांगा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर ९ किलोचं बाळ हातांना सव्वाशे किलोसारखं ओढ देतं. खंबाटकी घाटात मी करकचून ब्रेक दाबला तेव्हा बायकोने दोन्ही हातांनी धरलेला डबा पुढच्या सीटखाली गेला होता. आमचा धाकटा तेव्हा तिच्या शेजारी सीटमध्ये बांधलेला होता. अजून अंगावर काटा येतो.

गार्गी, ठाणे:
सीट मागच्या बाकावर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. या वयात डोकं जड आणि मान नाजूक, आणि असं बसवलं की झटका सगळ्या पाठीवर विभागला जातो. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर अशी सीट कधीच लावू नका.
जाड स्वेटर काढून पट्टे लावा. मग खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत आला म्हणजे सैल आहे.
आणि हे पुढेही सोडू नका. माझा लेक सात वर्षांचा. एकदा बूस्टरशिवाय (मुलाला उंच करून बेल्ट नीट बसवणारी बैठक) बसला, तर उतरल्यावर मानेवर बेल्टचा लाल वळ. बेल्ट खांद्यावरून आणि कमरेच्या हाडांवरून नीट बसेपर्यंत बूस्टर हवाच.

रेवाची आई:
दोघांचेही मनापासून आभार. आईंना सव्वाशे किलोचं वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग मी तिच्या शेजारीच बसणार."
आज पार्किंगमध्येच सराव केला. पट्टा चिमटीत येत होता, आईंनीच ओढून बसवला. शिरवळ आणि कराडला थांबायचं ठरलंय, दूध तेव्हाच.